हवालदारांचा खड्डा आणि मनुकाकीची केळ

जोतिबातात्यांची मिशी आणि जोतिबातात्यांचे शोषखड्डे, या दोन गोष्टींबद्दल आमच्या गावात वाकडं बोलायचं नाही, असा रिवाज होता. मी मात्र बोलायचे. माझी पिठाची गिरणी त्यांच्या घरासमोर आहे, मधे फक्त रस्ता. गिरणी चालू असली की आपण काय बोललो ते समोरच्याला ऐकू जात नाही, हा या धंद्याचा मोठा फायदा आहे.

तात्या फौजेतून हवालदार होऊन परतले त्याला आता बरीच वर्षं झाली. इंजिनिअर पलटणीत होते. तिथं पूल बांधले, डोंगरातून रस्ते काढले, असं ते सांगतात. त्यांची बायको मनुकाकी सांगते की मुख्यतः खड्डे काढले. काही का असेना, गावाला त्याचा उपयोग झाला. आमचं गाव कृष्णाकाठचं, चहूकडं ऊस, जमीन काळीभोर. उसाला ही जमीन सोन्यासारखी, पण सांडपाणी मुरवायचं म्हटलं की नुसता हट्ट. काळी माती पाणी पीत नाही, औषध दिलेल्या पोरासारखी तोंडात धरून बसते.

पूर्वी हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही, कारण आडाचं पाणी ओढून आणणारा माणूस ते जपूनच सांडतो. मग घरोघरी नळ आला, पाठोपाठ धुण्याची मशीन आली, पोरांना रोज डोक्यावरून आंघोळ लागायला लागली. प्रत्येकानं घरामागं एक खड्डा काढला, त्यात दगडगोटे टाकले, वरून माती लोटली आणि म्हटलं, झाला शोषखड्डा. वर्षा-दोन वर्षांत साबणाचा फेस आणि तेलाचा तवंग त्या दगडांवर सायीसारखा धरायचा आणि मोरीतलं पाणी आल्या वाटेनं परत घरात यायचं. मग तात्यांना बोलावणं जायचं.

तात्या यायचे ते मोपेडवरून, पाठीला बांबूची लांब चिरलेली कांब बांधून. लांबून बघणाऱ्याला वाटावं, स्वारी लढाईला निघालीय. आल्याबरोबर खड्ड्याकडं बघायचे नाहीत. ओट्यावर बसायचे.

"चा आदी. तुंबलेलं पानी कुटं पळून जात न्हाई."

चहा पिता पिता घरच्या बाईची उलटतपासणी व्हायची. भांडी कशानं घासतेस, चहाचा चोथा कुठं टाकतेस, केस विंचरून गुंतवळ कुठं जातं, मोरीला जाळी आहे का, असली तर ती कुणी आणि का काढून ठेवली. बायका आधी खोटं बोलायच्या. "खरं सांग. खड्डा उगडल्यावर मला कळनारच हाय," असं म्हणून तात्या मिशीवरून हात फिरवायचे आणि बाई कबूल व्हायची. पैशाचं नाव काढलं तर रागवायचे. दुसरा चहा मात्र मागून घ्यायचे, आणि जाताना आपणच आपली तारीफ करायचे, "एकदम फिट काम हाय. आता तुज्या नातवाच्या लग्नापतुर बगायला नगं." नम्रपणा हा गुण त्यांना फौजेनं शिकवला नव्हता.

धोंडुबाईच्या खड्ड्याची गोष्ट तर गावात अजून सांगतात. धोंडुबाई आमच्या गल्लीतली सगळ्यात वयस्कर बाई. तिच्या घरात गॅस आहे, भांडी घासायची वडी आहे, सगळं आहे. पण बंबाची राख घेतल्याशिवाय भांड्याला तेज येत नाही, हे तिचं म्हणणं ब्रह्मदेवाच्या बापालाही खोडता यायचं नाही. तिची मोरी तुंबली. तात्यांनी खड्डा उघडला, पहार घातली, तर टण्णकन आवाज आला. राख वर्षानुवर्षं खाली बसून दगड झाली होती. तात्यांनी ती सपाट शिळा वर काढून तिच्यापुढं ठेवली.

"आत्या, तुमी जिमिनीत पाटा घडीवलाय."

"मग वरवंटा पन बग की आत आसंल," म्हातारी म्हणाली. "दोनी मिळून मनूला न्हे वाटायला."

एकदा तर तासगावहून बोलावणं आलं. तिथं एकाच्या बेदाण्याच्या शेडवर बायका कामाला होत्या. द्राक्षं वाळत घालायच्या आधी तेलाच्या द्रावणात बुचकळतात, ते तेल कपड्यांना लागतं, आणि ते सगळे कपडे शेडमागच्या एकाच मोरीत धुतले जायचे. तो खड्डा तात्यांनी उघडला तेव्हा म्हणे दगड हातात धरवत नव्हते, माशासारखे सुळसुळ निसटत होते. तिथून तात्या बेदाण्याची पिशवी घेऊन आले आणि पुढं कितीतरी दिवस 'तासगावची मोहीम' ऐकवून त्यांनी आम्हाला वात आणला. बेदाणे चांगले होते म्हणून ऐकून घेतलं.

आता मनुकाकीबद्दल सांगते, कारण गोष्ट खरी तिचीच आहे.

काकी कवठेमहांकाळकडची, त्या कोरड्या मुलखातल्या एका वस्तीवरची. तिच्या लहानपणी तिकडं टँकरची वाट बघण्यात दिवस जायचा. पण काकीच्या आईच्या घरामागं एक केळ होती. सगळ्या शिवारात हिरवं पान दिसायचं नाही, आणि हिच्या परसात केळीचं हे एवढं पान हलत असायचं. त्या केळीपाशी एक रुंद दगड होता. घरातल्या प्रत्येकानं त्या दगडावर बसूनच आंघोळ करायची, दुसरीकडं पाण्याचा थेंब सांडायचा नाही. दगडाखालून पाणी सरळ केळीच्या बुडाला. पोरं कुठं लांबच्या विहिरीवर पोहून आली तर आई रागवायची, की आज केळ उपाशी राहिली. पाहुणा दारात आला तर त्याला पाणी द्यायच्या आधी मागं न्यायची आणि पाय तिथंच धुवायला लावायची. "आदी मानूस न्हातं, मग केळ न्हाती," हे तिचं रोजचं बोलणं.

काकी लग्न होऊन आमच्याकडं आली. पहिल्या पंचमीला माहेरी गेली आणि परतताना त्या केळीचा मुनवा, म्हणजे बुडाला फुटलेलं पिल्लू, ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीनं घेऊन आली. मांडीवर घेऊन बसली होती. कंडक्टरनं विचारलं, याचं अर्धं तिकीट काढू का. तात्या तेव्हा फौजेत, कुठं सरहद्दीवर. काकीनं तो मुनवा परसात मोरीच्या तोंडाशी लावला आणि तिच्या आईसारखंच सुरू केलं. त्या केळीचं बेट झालं. गल्लीतल्या कितीतरी सत्यनारायणांचे खांब तिथून गेलेत. माझ्या लग्नातही दारात दोन्हीकडं तीच केळ उभी होती.

तात्या पेन्शनीत आले आणि गावभर खड्डे काढत सुटले, तेव्हा आपल्या घरी नमुन्याचा खड्डा पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात आलं. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोल गेले. खाली मोठे दगड, मग बारीक, मग विटांचे तुकडे, मधे बुडाला भोकं पाडलेला माठ आणि त्यात नारळाच्या शेंड्या, म्हणजे घाण तिथंच अडकावी. मोरी आणि खड्ड्याच्या मधे झाकणाचा छोटा हौद बांधला. काम देखणं झालं, हे मलाही मानावं लागलं. फक्त मोरीचं पाणी जे केळीला जायचं ते आता जमिनीच्या पोटात जाऊ लागलं.

"नळाला पाईप लाव आन दे की केळीला पानी," तात्या काकीला म्हणाले. "किस्ना काय आटतीया व्हय?"

काकी म्हणाली, "बरं."

मनुकाकीचं 'बरं' मी ओळखते. ती दळण आणते तेव्हा पीठ जाड पडलं असलं तरी 'बरं' म्हणते, आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या गिरणीत जाते. पण या वेळी मला वाटलं, नवऱ्याचं ऐकलं असेल. खरी गोष्ट अशी होती की पिण्याचं पाणी झाडाच्या बुडाला ओतणं काकीला जमतच नव्हतं. नळाला धो धो पाणी, पाईप हातात, आणि हात पुढं जायचा नाही. तांदूळ धुतलेलं पाणी, पेल्यात उरलेला घोट, एवढं ती गोळा करून न्यायची. एवढ्यानं केळीचं काय होणार? पानांच्या कडा करपायला लागल्या.

त्यातच तिच्या भावाचा, हरिबाचा, फोन आला. तिकडं आता योजनेचं पाणी पोचलं होतं, हरिबानं नवं घर बांधलं, फरशीची न्हाणी केली. आनंदाचीच बातमी. बोलता बोलता तो म्हणाला, जुनी केळ पाईपच्या वाटेत येत होती म्हणून काढली. काकी त्या दिवशी गिरणीत येऊन बसली होती. दळण संपलं तरी उठेना.

"राजेश्वरी, आता माजी येकच ऱ्हायली गं," ती म्हणाली. तिचा आवाज ऐकून मला गिरणी बंद करावी लागली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत अख्ख्या गावाला बातमी मिळाली, की हवालदारांच्या घरचा खड्डा तुंबला.

सकाळी तात्या मोपेडवरून कुणाच्या तरी मोरीच्या मोहिमेवर जायचे आणि मागं त्यांच्याच भिंतीच्या कडेनं पाण्याची रेघ हळूच रस्त्यावर यायची. तात्या परत येऊन बघायचे, जमीन ओली. खड्डा उघडायचे, खड्डा कोरडा ठणठणीत. हौदात बघायचे, हौद स्वच्छ. बादल्यांवर बादल्या ओतायचे, पाणी गुपचूप खाली जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर रेघ. त्यांनी सगळे दगड वर काढून धुतले. माठ बदलला. शेवटी एक दिवस गिरणीच्या दारात येऊन म्हणाले, "परवा कोयनंला धक्का बसला न्हवं का? त्येनं खालचा थर सरकलाय बग."

"तात्या, थर तुमच्याच घराखालचा बरा सरकला?"

"भूकंपाला कुनाचं घर कळतंय व्हय गं?" असं म्हणून ते तावातावानं निघून गेले. त्यानंतर ते रोज सकाळी कोयनेला शिव्या घालायला लागले. मागचं परस मला गिरणीतून दिसत नाही, नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती.

गावाला असा मोका वर्षानुवर्षं मिळाला नव्हता. त्यात डेअरीवर दूध मापणारा दादासो म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस. सकाळच्या गर्दीत, सगळ्यांच्या किटल्या रांगेत असताना, त्यानं तात्यांना विचारलं, "हवालदार, तुमच्या दारात पूर आलाय म्हनं. होड्या सोडायच्या का?"

"दादासो, त्वांड सांबाळ."

"माजं त्वांड सांबाळतो वो. तुमच्या खड्ड्याचं त्वांड कोन सांबाळायचं?"

सगळी डेअरी हसली. तात्यांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मिशीचं टोक धरलं आणि भर गर्दीत शब्द दिला, "आयका सगळी. यात्रंच्या जेवनादिवशी माज्या घरचं सांडपानी रस्त्याला लागलं, येक थेंब जरी लागला, तर ही मिशी भैरोबाच्या देवळाम्होरं उतरवीन."

"आन न्हाई लागलं तर?"

"तर तुज्या घरामागचं गटार तू सोताच्या हातानं उपसायचं. मी खुर्ची टाकून बगनार."

यात्रेच्या जेवणाचा दिवस निवडायला तात्यांची छाती पाहिजे. आमच्याकडं यात्रेच्या पहिल्या दिवशी पालखी आणि गोड नैवेद्य, दुसऱ्या दिवशी मटण. घराघरात पाहुण्यांच्या पंगतीवर पंगती उठतात, रश्श्याची पातेली, पराती, ताटं यांचे ढीग पडतात. तेलकट पाण्याचा असा लोंढा वर्षात दुसऱ्या कधी निघत नाही. त्या दिवशी गावातले निम्मे खड्डे मान टाकतात.

ही पैज मीच काकीला सांगितली. तिचा हात एकदम तोंडावर गेला. नवऱ्याची मिशी ही काय चीज आहे, ते तिच्याइतकं कुणाला माहीत? लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हा तिला आधी मिशी दिसली होती आणि मग नवरा, असं तीच सांगते. दुसऱ्या दिवसापासून मी बघते, तर काकी खुरपं घेऊन केळीचं आळं वाढवतेय. आळ्यापासून कोपऱ्यापर्यंत चर खणत आली म्हणून मला गिरणीतून दिसलं. मला वाटलं, यात्रेला पाहुणे येणार, परस नीट करत असेल.

यात्रा आली. दुसऱ्या दिवशी हवालदारांचं घर पाहुण्यांनी फुलून गेलं. तात्या नव्या फेट्यात, मिशीला तेल लावून, दारात उभे. आदल्या दिवशी त्यांनी खड्डा उघडून बघितला होता, कोरडा होता, त्यामुळं छाती आणखी पुढं आलेली. दादासो जेवायला आला तो न्हावी अर्जुनाला सोबत घेऊनच. अर्जुना बिचारा भला माणूस, पण त्याच्या काखेत वस्तऱ्याची पेटी होती.

"जेवायला वस्तरा कशापायी रं?" तात्या म्हणाले.

"हाडूक कडक निगालं तर आसावा," दादासो म्हणाला.

जेवणं झाली. रस्सा झणझणीत होता, नाक पुसत पुसत लोक ओट्यावर सुपारी कातरत बसले. मी मागं भांड्यांना हात लावायला गेले होते. पाहुण्या बायकांनी मोरीत भांड्यांचा सपाटा लावला होता आणि नळ सोडलेला. काकी वाढण्यातून सुटून आता मागं आली, मोरीकडं बघितलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"आवं, थांबा, थांबा जरा," ती म्हणाली, पण तोवर हौदाचं झाकण उचललं गेलं होतं. खालून तेलकट पाणी वर आलं, कडेनं वाहिलं आणि भिंत धरून निघालं रस्त्याकडं.

"आलं रं, आलं!" पुढून दादासोची आरोळी. सगळे उठून भिंतीच्या कोपऱ्याशी गोळा झाले. तात्या सगळ्यांत पुढं. कुस्तीच्या फडात सुद्धा एवढी शांतता मी बघितलेली नाही. पाणी येत होतं, त्यावर कोथिंबिरीचं एक पान तरंगत होतं, आणि सगळ्या गावाची नजर त्या पानावर. अर्जुनानं पेटी उघडली. मलाही वाईट वाटायला लागलं. इतकी वर्षं ज्या मिशीची चेष्टा केली, ती नसलेला रस्ता मला डोळ्यांपुढं आणवेना.

पाणी कोपऱ्यापर्यंत आलं. रस्ता हातभर राहिला होता. आणि तिथं, काकीनं खुरप्यानं काढलेल्या चरापाशी, कोथिंबिरीचं पान गर्रकन वळलं. त्यामागं सगळं पाणी वळलं. चर भरला, मग केळीचं आळं भरायला लागलं. आळं मोठं होतं, चांगलं खोल, मधे पालापाचोळा घातलेला. मागं मोरीत कुणीतरी नळ बंद केला. पाणी काठापर्यंत चढलं, थरथरलं आणि हळूहळू खाली बसायला लागलं. रस्ता कोरडा तो कोरडाच.

"आरं माज्या भैरोबा!" एवढंच तात्यांच्या तोंडून आलं. मग लोकांनी जो ओरडा केला तो देवळापर्यंत गेला असेल.

"पर खड्डा तुंबलाच की!" दादासो भांडायला लागला.

"पैज रस्त्याची हुती," धोंडुबाई दारातून गरजली. "म्या आयकलंय. तू जाऊन गटार उपस."

तात्यांचं मात्र तिकडं लक्ष नव्हतं. पैज जिंकली म्हणून खड्डा का तुंबला हा प्रश्न सुटत नव्हता. फेटा काढून त्यांनी माझ्या हातात दिला, हौदापाशी पालथे पडले आणि खांद्यापर्यंत हात आत घातला. चाचपलं, ओढलं, आणि खड्ड्याकडं जाणाऱ्या नळीच्या तोंडातून एक भिजलेला बोळा बाहेर आला. त्यांनी तो पिळून पसरला. फौजेतलं हिरवं बनियन होतं. त्यावर शाईनं लिहिलेला त्यांचा स्वतःचा नंबर अजून वाचता येत होता.

तात्या उठून उभे राहिले. कोपरापासून पाणी गळत होतं. रागावले की त्यांचा आवाज आधी बारीक होतो.

"ह्ये कुनी घातलं?"

"मी," काकी म्हणाली. हातातली घासणी तिनं खाली ठेवली.

"आज?"

"रोज. तुमी गेला की घालायची, पानी केळीला जायाचं, धुनं-न्हानं झालं की काडायची. आज सकाळी पावन्यांच्या आंगुळीला घातलं, गडबडीत काडायचं ऱ्हायलं, त्ये आत सरकलं."

तात्या बघतच राहिले. "आन मी कोयनंला शिव्या घालत हुतो!"

लोकांत हशा पिकला. काकी हसली नाही. ती सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलली, जशी ती एरवी कधी बोलत नाही. "पेयाचं पानी झाडाला वतायला माजा हात उचलत न्हाई. तुमी म्हनलासा, नळ सोड. मला न्हाई जमत. आईनं आमाला तशी वाडीवलीच न्हाई. आन तिकडची केळ गेली. ही वाळली आस्ती तर आईची मागं कायच ऱ्हायलं नसतं. तुमची मिशी वाचावी म्हून तर आळं वाडीवलं मी. तुमी मला सांगा, मी दुसरं काय करनार हुती?"

माझे डोळे भरून आले होते आणि हातात फेटा असल्यामुळं पुसताही येत नव्हते. तात्यांनी बनियन नीट घडी घालून खांद्यावर टाकलं. मग केळीपाशी गेले, तिच्या खोडावर ओला हात ठेवला आणि पाहुण्यांकडं वळून आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "बगितलासा? ह्यो नवा नमुना हाय. आदी केळ, मग खड्डा. माज्या बायकूनं काडलाय. म्या येवडी वर्सं उलटंच करत हुतो." आणि काकीकडं बघून हळू म्हणाले, "येकदा सांगायचं तरी हुतंस."

"सांगिटलं आस्तं तर तुमी कोयनंला कुटनं शिव्या घातल्या आस्त्या?" काकी म्हणाली, आणि तेव्हा कुठं हसली.

अर्जुनानं पेटी मिटली. दादासोनं दुसऱ्या दिवशी गटार उपसलं, तात्या खुर्ची टाकून बसले आणि शेवटी राहवेना म्हणून स्वतःच कांब घेऊन उतरले. काही माणसांना पैज जिंकूनही सुख भोगता येत नाही.

त्यानंतर गावात कुणाचाही खड्डा काढायचा तर तात्या आधी विचारतात, केळ लावणार की अळू, की कर्दळ. पाणी पहिलं आळ्यात सोडतात आणि वरचं जास्तीचं तेवढं खड्ड्यात. धोंडुबाईनं अळू लावलंय आणि राखेनं भांडी घासणं चालूच आहे. अळू तिचं मस्त आलंय, त्यामुळं आता तिला कुणी बोलूच शकत नाही.

गोष्ट इथं संपली असती, पण एक दिवस सकाळी तात्यांनी बेटातला चांगला जोमदार मुनवा काढला, ओल्या पोत्यात गुंडाळला आणि काकीला म्हणाले, "चल, आवर." मला म्हणाले, "गिरनी बंद कर. साक्षीला पायजेस." आम्ही तिघं एसटीनं निघालो. मुनवा काकीच्या मांडीवर. तासगाव मागं पडलं, द्राक्षबागा विरळ झाल्या, आणि मग तो उघडा, लांबलचक मुलूख सुरू झाला. काकी खिडकीतून बघत होती आणि मधेच पोत्यावर हात फिरवत होती.

हरिबाचं घर खरंच झकास झालंय. त्यानं बहिणीला न्हाणीची फरशी दाखवली, नळ सोडून दाखवला. काकीनं कौतुक केलं, मनापासून केलं. तात्या तोवर मागं जाऊन सांडपाण्याची नळी शोधत होते. जुना न्हाणीचा दगड शेळ्यांच्या पाण्यापाशी पडलेला त्यांना सापडला. हरिबा आणि त्यांनी मिळून तो लोटत न्हाणीमागं आणला. जिथं जुनी केळ होती तिथंच खड्डा खणून मुनवा लावला, भोवती आळं केलं, नळीचं तोंड तिकडं वळवलं.

"पाईप लावून पानी सोडू का आता?" हरिबा म्हणाला.

"नगं," तात्या आणि मी एकदमच बोललो.

काकी लुगडं जरा वर धरून त्या दगडावर जाऊन बसली. हरिबाच्या बायकोनं तांब्याभर पाणी आणून दिलं. काकीनं पाय धुतले, चांगले घोट्यापर्यंत चोळून धुतले, प्रवासाची सगळी धूळ निघाली. पाणी दगडावरून घसरलं आणि त्या एवढ्याशा मुनव्याच्या बुडाशी जाऊन थांबलं. काकी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

"आदी मानूस न्हातं," ती म्हणाली, आणि ओला हात मुनव्यावरून फिरवला.

"मग केळ न्हाती," हरिबानं पुरं केलं. त्याला अजून पाठ होतं.

मग तात्यांनी सदरा काढला. "सर गं जरा," काकीला म्हणाले, आणि भर दुपारी, सासुरवाडीत, त्या दगडावर आंघोळीला बसले.